तेरीजसर

शहाद्याच्या आमच्या कॉलेजात अकाउंट्स शिकवणाऱ्या या सरांचं खरं नाव फक्त मस्टरवर आहे. एरवी सगळे तेरीजसर म्हणतात, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स. जगातली कुठलीही गोष्ट जुळली पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी जुळली पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म. लग्नात आहेराचं पाकीट देतानासुद्धा "घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा" असं पुटपुटतात. लुका पाचोली नावाच्या इटालियन मठवाशाने १४९४ साली व्हेनिसमध्ये द्विनोंदी पद्धत छापली, हे ते अशा थाटात सांगतात की पाचोली आमच्या शेजारच्या प्रकाशा गावचाच असावा, यात्रेला गेला आणि तिकडेच राहिला.

सीए इन्स्टिट्यूटने स्वतःचं 'सीए जीपीटी' काढल्याचं कळलं आणि सरांनीही एआयला कामाला ठेवलं. हो, कामालाच. मोबाइलशी ते नव्या मुनिमाशी बोलावं तसे बोलतात : "घसारा काढ. डब्ल्यूडीव्हीने. आणि घाई करू नको." उत्तर आलं की चष्मा कपाळावर चढवून चूक शोधायची. सापडली तर दुपारी दोन भाकऱ्या जास्त जातात. वर्गात तर ते एआयचं उत्तर फळ्यावर उतरवतात आणि पोरांना ऑडिटर करून सोडतात. ही शिकवण्याची रीत नामी आहे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी सांगणार नाही. पुढे तासभर ऐकावं लागेल.

यंदा टी.वाय.ची सहल तोरणमाळला नेली. सातपायरी घाटात निम्मी पोरं खिडकीबाहेर माना काढून बसलेली आणि सर विचारतायत, "उलटीच्या गोळ्या प्रवासखर्चात की औषधखर्चात?" उत्तर द्यायच्या स्थितीत कोणीच नव्हतं. एआयला विचारावं तर रेंज गेलेली. "मुनीम रजेवर गेला भो!" सर हळहळले.

संध्याकाळी पोरं सीताखाई बघून आली, तरी सर यशवंत तलावाच्या काठी हात उंच धरून उभेच. रेंज तेवढ्याच जागी येत होती. सहलीचा हिशेब लागत नव्हता. वहीप्रमाणे असायला हवी त्यापेक्षा पेटीत २७० रुपये कमी. सरांनी सगळ्या नोंदी एआयला घातल्या. क्षणात उत्तर आलं : हिशेब जुळला, अभिनंदन! खाली बारीक ओळ होती, 'किरकोळ खर्च २७०'. फरक होता तेवढाच खर्च त्याने मनानेच ठोकून दिला होता. चूक न शोधताच, जुळलेल्या हिशेबाच्या शेवटी सहसा जे लिहिलेलं असतं, ते त्याने लिहून टाकलं होतं.

सरांचा चेहरा उजळला. "किरकोळ! अरे, किरकोळ म्हणजे चोराची पायवाट!"

ड्रायव्हर कंटाळून म्हणाला, "सर, हिसाब बराबर शे ना? मंग काय?"

तेवढ्यात धडगावकडची एक पावरा मुलगी, जी वर्गात चकार शब्द काढत नाही, हळूच म्हणाली, "सर, २७० ला नऊने भाग जातो."

सर गप्प. फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. तिने वही घेतली, पावत्या लावत गेली आणि चहा-भज्यांच्या पावतीवर थांबली. पावती ६३० ची, वहीत ३६०. अक्षर सरांचं. ते कुठेही ओळखू येतं.

सगळे तलावाकडे बघू लागले. सरांनी शांतपणे मोबाइल वर धरला आणि टाइप केलं : 'चहाची रक्कम तू चुकीची घेतलीस.' उत्तर आलं : 'क्षमस्व! तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ती चूक माझीच होती.'

"बघा," सर स्क्रीन सगळ्यांसमोर फिरवत म्हणाले, "कबुली दिली!" तीस वर्षांच्या नोकरीत स्टाफरूममधल्या कोणाकडून त्यांना हे वाक्य मिळालं नव्हतं.

परत आल्यावर त्या माफीनाम्याची प्रिंट त्यांनी सहलीच्या फाइलला लावली. प्रिंटचे दोन रुपये स्टेशनरी खर्चात टाकले, पावतीसकट. आणि त्या मुलीला इंटर्नलला वीसपैकी एकोणीस दिले. एक का कापला विचारलं, तर म्हणाले, "नोंदीखाली स्पष्टीकरण लिहिलं नाही."