व्हायरस घरी कसा आणावा?

नवशिक्यांची पहिली तक्रार ठरलेली: ‘आम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हो.’ कळायची गरजच नाही. व्हायरसला जाणकार माणूस नको असतो, उत्साही लागतो.

सुरुवात अभिजात प्रकाराने करू. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून एक ईमेल जगभर पसरली. विषय ‘आय लव्ह यू’, सोबत ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ नावाची फाइल. ओळखीच्या फाइलींचं शेवटचं एक्स्टेन्शन लपवायची सोय विंडोजमध्ये आधीपासूनच चालू असते. त्यामुळे ‘.व्हीबीएस’ दिसायचं नाही आणि प्रोग्रॅम साध्या पत्रासारखा वाटायचा. डबल क्लिक केलं, की तो आउटलुकमधल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवायचा आणि तुमच्या फोटोंच्या फाइलींवर स्वतःलाच लिहून ठेवायचा. साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना एकाच दिवशी तुमचं प्रेमपत्र! ब्रिटिश संसदेला ईमेल बंद ठेवावी लागली. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणाला शिक्षा झाली नाही, कारण असल्या गुन्ह्यासाठी फिलिपीन्समध्ये तेव्हा कायदाच नव्हता. तेव्हा ती लपवाछपवीची सोय तशीच राहू द्या.

आता प्रेमपत्रं कोण पाठवतो म्हणा. हल्ली व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते. कुणाच्या लग्नाची, विचारू नका; जेवणाशी मतलब. नावाच्या शेवटी ‘.एपीके’ असेल तर ती पत्रिका नसून अँड्रॉइडचं अॅप आहे, हे वाचूनही न वाचल्यासारखं करा. फोन अनोळखी अॅपची धोक्याची सूचना देईल, ‘तरीही बसवा’ दाबा. मग ती ‘पत्रिका’ तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागेल. मुहूर्त पाहायला एसएमएस कशाला लागतात, असल्या शंका काढायच्या नाहीत. बँकेचा ओटीपी तिथेच येतो.

क्लिक करायचाही कंटाळा असेल, तर ब्राउझर जुनाच ठेवा. जून २००४ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमधल्या भोकांचा फायदा घेऊन ‘डाउनलोड डॉट जेक्ट’ नावाचा हल्ला झाला. चांगल्या, नावाजलेल्या वेबसाइटींचे सर्व्हर आधी पोखरलेले. तुम्ही पान उघडलं एवढंच निमित्त. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने तर दुसरा ब्राउझर वापरायचाही पर्याय सुचवला होता. आपण असल्या यंत्रणांचं ऐकत नसतो.

अपडेटची खिडकी आली, की ‘नंतर आठवण करा’. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरकाव केला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी. जवळजवळ दोन महिने मिळूनही अनेकांनी अपडेट टाळलं, आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. याला म्हणतात चिकाटी.

ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपावर मात्र गाढ श्रद्धा असू द्या. ते फक्त एवढंच सांगतं, की तुमचा आणि वेबसाइटचा संवाद वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला चोर असेल, तर चोराशीही सुरक्षित बोलता येतं. लोकांचा हाच गैरसमज पाहून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधलं कुलूप काढून टाकलं. तुम्ही मनातलं काढू नका.

एवढं करून खात्यातून पैसे गेले, तर चार दिवस घरात कुणाला सांगू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते, आणि मग आपली सगळी मेहनत वाया जाते.