मानारोला उरकण्याची शास्त्रोक्त पद्धत

चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची पाच गावं. सुज्ञांनी ती एकाच दिवसात पाचही उरकावीत. मानारोलाच्या वाट्याला तासभर आला तरी पुष्कळ. त्यातला निम्मा स्वच्छतागृहाच्या रांगेसाठी राखून ठेवावा. महिना ऑगस्टच निवडावा, म्हणजे एकटं वाटत नाही.

जवळच्या ला स्पेत्सिया शहरातून लोकल पकडावी. ती बराचसा वेळ बोगद्यांतूनच जाते, त्यामुळे खिडकीसाठी भांडण्यात अर्थ नाही. तरी भांडावं, सवय मोडू नये.

उतरल्यावर इकडे-तिकडे न बघता बंदरापलीकडचं टेकाड गाठावं. तिथून गुलाबी, पिवळी, विटकरी घरं कड्यावर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली दिसतात. दिसताक्षणी त्यांच्याकडे पाठ करावी आणि मोबाइल उंच धरावा. वरचे द्राक्षमळे चौकटीत घुसलेच, तर निर्दयपणे कापून टाकावेत.

कापतोय काय, एवढं मात्र ठाऊक असावं. चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेले गडगे, उभ्या डोंगरावर एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या आधाराने मातीची अरुंद पट्टी. कित्येक पिढ्यांनी हे हातांनी रचलंय. चढ असा की द्राक्षांचे क्रेट खाली आणायला बऱ्याच ठिकाणी एका रुळावरची चिमुकली गाडी लागते. शेत ओस पडलं की गडगा ढासळतो आणि पावसात माती खाली येते. १९९७ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवला तो या मेहनतीने घडलेला सगळा प्रदेश, नुसती रंगीत घरं नव्हेत. पण हे ग्रुपवर टाकू नये. लाइक पडत नाहीत.

डोंगरवाटांवर स्लीपर घालून जावं. २०१९ मध्ये इथल्या राष्ट्रीय उद्यानाने अशा शूरांना दंडाचा इशारा दिला, तेव्हा पाकीट जड ठेवावं. शेजारच्या रिओमाज्जोरे गावाकडे जाणारी प्रसिद्ध ‘प्रेमवाट’ २०१२ साली दरड कोसळून बंद झाली, ती पूर्ण उघडायला २०२४ उजाडलं. लांबी एक किलोमीटरच्या आत. तेवढ्यात भांडण झालं, तर दोष वाटेला देऊ नये.

शाक्केत्रा नावाची गोड वाइन इथलीच. द्राक्षं तोडून आठवडेच्या आठवडे सुकवतात, मग रस काढतात. किंमत ऐकून ‘आम्ही घेत नाही’ म्हणावं. संस्कारही राहतात, युरोही.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी सप्टेंबरात जावं, मानारोलात मुक्काम करावा आणि सकाळी बसने वरच्या वोलास्त्रा वस्तीला जाऊन मळ्यांमधल्या वाटेने पाचांतल्याच कोर्नीलियापर्यंत चालावं. बूट घालून.