गळती आणि बदनामी

आमच्या सोसायटीच्या गच्चीतून पाणी गळतं. सेक्रेटरींच्या मते ते गळत नाही, ‘थोडी ओल जाणवते’. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पलंगावर ती ओल गेले तीन पावसाळे इतकी जाणवली, की त्यांनी कमिटीला सात पत्रं दिली आणि आठवं सरळ उपनिबंधकांच्या कार्यालयात नेऊन दिलं. आठवडाभरात नोटीस बोर्डावर सूचना लागली: ‘काही सभासद संस्थेची बाहेर बदनामी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यांच्यावर योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ गळतीबद्दल अवाक्षर नव्हतं. काकूंची स्कूटर पंधरा वर्षं जिथे उभी राहायची, तिथे मात्र सुशोभीकरणाच्या कुंड्या आल्या.

मी सेक्रेटरींना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “अहो, गळती ही घरातली गोष्ट. उपनिबंधकांकडे गेली की ती बदनामी होते.”

हा माणूस सोसायटीत कुजतोय. त्याची जागा परराष्ट्र खात्यात आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचा एक वार्षिक अहवाल पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क यंत्रणेला भेटल्याबद्दल, कागद दिल्याबद्दल, नुसतं भेटायला निघाल्याबद्दल कुठल्या देशात कोणाला काय भोगावं लागलं, त्याची ही जंत्री. २०१८ साली तिच्यात ३८ देश होते, पुढच्या वर्षी ४८. एका वर्षात दहांची भर म्हणजे प्रगती उत्तमच. २०१८ च्या यादीत आपला भारतही आहे, तेव्हा ‘तिकडे काय चाललंय बघा’ असं म्हणत पुढे वाचायची सोय नाही.

या साहित्यात मला सगळ्यात भावतात ती गुन्ह्यांची नावं. खून, दरोडा, अफरातफर हे जुन्या वळणाचे गुन्हे झाले. अँडोरा नावाचा चिमुकला देश आहे, फ्रान्स आणि स्पेनच्या मधे, डोंगरात, मुंबईपेक्षाही लहान. तिथे गर्भपाताला पूर्ण बंदी. व्हेनेसा मेंदोसा कोर्तेस या बाईंनी २०१९ मध्ये ही गोष्ट महिलांच्या हक्कांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे सांगितली. समितीने सरकारला प्रश्न विचारले, सरकारने सरकारी वकिलाला पत्र लिहिलं, आणि बाईंवर खटला उभा राहिला. आरोप: ‘संस्थांच्या प्रतिष्ठेविरुद्ध गुन्हा’. २०२४ च्या जानेवारीत त्या निर्दोष सुटल्या. चार वर्षांवर खटला चालवून वाचवलेली ती प्रतिष्ठा आता कुठे ठेवली आहे, ते कळलं नाही.

पण या कलेतला मानाचा फेटा व्हेनेझुएलालाच बांधावा लागेल. एका बँकरला खटला न संपवता वर्षानुवर्षं डांबून ठेवलं होतं. ही कैद मनमानी आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने सांगितलं. न्यायाधीश मारिया लूर्देस आफियुनी यांनी ते मत वाचलं आणि त्याला सशर्त सोडलं. न्यायाधीशाने कागद वाचावा ही अपेक्षा नसावी. बाईंना त्याच दिवशी अटक झाली. ती तारीख होती १० डिसेंबर २००९, म्हणजे जागतिक मानवी हक्क दिन. राष्ट्राध्यक्ष चावेझ यांनी टीव्हीवर त्यांना डाकू म्हटलं आणि तीस वर्षांची शिक्षा मागितली. आता भ्रष्टाचाराच्या खटल्यात एक किरकोळ अडचण येते: पैसे सापडावे लागतात. इथे एक दमडी सापडली नाही. मग २०१९ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली ती ‘आत्मिक भ्रष्टाचारा’बद्दल. पैसे न घेता केलेला भ्रष्टाचार! आपल्याकडे कित्येक कचेऱ्यांमध्ये हा गुन्हा एकदाही घडलेला नाही, हे अभिमानाने सांगावंसं वाटतं.

इजिप्तने नावांच्या भानगडीत न पडता थेट सेक्रेटरींची पद्धत वापरली. २०१८ च्या सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांच्या निवाऱ्याच्या हक्काच्या विशेष प्रतिनिधी लैलानी फरहा कैरोत आल्या. ज्यांची घरं पाडली जाणार होती अशा लोकांना त्या भेटल्या. त्या परत गेल्यावर, त्यांना भेटलेल्यांपैकी काहींची घरं पाडली गेली. निवाऱ्याबद्दल बोलायला निवाराच शिल्लक ठेवला नाही, की विषय संपतो. आमच्या सेक्रेटरींनी फक्त कुंड्या ठेवल्या. माणूस तसा मवाळ म्हणायचा.

बहारीनचं तंत्र मराठी घराला चटकन कळेल. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे. तिथे जावई बोले सासूला लागे. परदेशात आश्रय घेतलेले तिथले कार्यकर्ते सय्यद अहमद अलवदाई २०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हात मानवी हक्क परिषदेच्या बैठकांना बसले होते. इकडे त्यांच्या सासूबाईंना आणि मेव्हण्याला उचललं. पुढे त्यांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. जावई हाती लागत नसेल तर सासर हाताशी असतंच.

खरी गर्दी मात्र विमानतळावर. काही प्रवाशांचं सामान नियमात बसतं, माणूसच जड भरतो. इब्राहिम मेतवल्ली हे इजिप्तचे वकील. मुलगा २०१३ मध्ये बेपत्ता झाला म्हणून बापाने बेपत्ता माणसांच्या कुटुंबांची संघटना उभी केली. बेपत्ता व्यक्तींविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाला भेटायला ते १० सप्टेंबर २०१७ रोजी कैरोच्या विमानतळावर गेले आणि स्वतःच बेपत्ता झाले. दोन दिवसांनी सापडले ते सरकारी वकिलापुढे. आरोपांत परकीयांशी संपर्क होता, खोट्या बातम्या पसरवणंही होतं. बेपत्ता होण्याची बातमी खोटी, हे सिद्ध करायला बातमी देणाऱ्यालाच गायब करण्याची ही युक्ती सोपी नाही, त्यासाठी आत्मविश्वास लागतो.

आपण दिल्लीला येऊ. काश्मीरमधले मानवी हक्क कार्यकर्ते खुर्रम परवेझ १४ सप्टेंबर २०१६ रोजी जिनिव्हाच्या विमानात बसणार होते. बसू दिलं नाही. लगेच पुढे श्रीनगरला अटक, जनसुरक्षा कायद्याखाली. ७६ दिवसांनी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटका. २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा अटक, या वेळी यूएपीएखाली.

मदुराईच्या एका संस्थेचा प्रसंग मला सेक्रेटरींना मुद्दाम ऐकवायचा होता. सेंटर फॉर प्रमोशन ऑफ सोशल कन्सर्न्स या संस्थेच्या परदेशी देणगीच्या परवान्याचं नूतनीकरण २०१६ मध्ये नाकारलं गेलं. संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिथे सरकारने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, की या संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींना आणि परदेशी वकिलातींना माहिती देऊन भारताची प्रतिमा डागाळली. माहिती खोटी होती का, हा प्रश्न कोणाला महत्त्वाचा वाटला नसावा. आपल्याच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचं प्रथमदर्शनी मत होतं, की हा नकार कायद्याला धरूनही नाही आणि वस्तुनिष्ठही नाही. आयोग दिल्लीतच असल्यामुळे त्याला बदनामी म्हणता आलं नाही. नुसतं दुर्लक्ष करून भागलं.

“बघा,” सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले, “सरकारही तेच म्हणतंय. बाहेर कशाला जायचं?”

यावर मला १९४६ साल आठवलं. संयुक्त राष्ट्रांचं पहिलंच वर्ष. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार घेऊन आमसभेत कोण गेलं? भारत! तोही अजून स्वतंत्र व्हायचा होता. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. त्यांचे पती रणजित पंडित मराठी, तेव्हा नात्याने त्या आपल्या वहिनी लागतात. समोर दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स. मूलभूत मानवी हक्क हे शब्द सनदेच्या प्रास्ताविकात यावेत यासाठी लेखणी चालवलेले हेच गृहस्थ. त्यांनी काय सांगितलं असेल? हा आमच्या घरचा मामला आहे! आमसभेला ते पटलं नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव झाला, ३२ विरुद्ध १५. घरात गळत असेल तर बाहेर सांगता येतं, हा पायंडा पाडणाऱ्यांत आपण पहिले होतो. स्मट्स यांचं ते वाक्य आपल्याकडे कधी येऊन राहायला लागलं, त्याची तारीख सापडत नाही.

त्याच वर्षी मुंबईच्या एका बॅरिस्टरनेही अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती पाठवा, भारतातले अस्पृश्यही तोच मार्ग धरायच्या विचारात आहेत, असा मजकूर. बॅरिस्टरांचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या काळात नोटीस बोर्ड नव्हता, नाहीतर त्यांच्याही नावाने सूचना लागली असती. ती कसर पुढे भरून निघाली. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेने संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा मिळावा म्हणून २००७ मध्ये अर्ज केला. भारताने लेखी प्रश्न विचारले. उत्तरं आली. भारताने आणखी प्रश्न विचारले. असे शंभराहून जास्त प्रश्न झाले, आणि दर्जा मिळाला २०२२ च्या डिसेंबरात. रेशनकार्डात नाव घालायला फार हेलपाटे पडतात, अशी कुरकुर यापुढे कोणी करू नये.

सेक्रेटरींना यातलं काहीच लागू पडलं नाही. ते वार्षिक सभेच्या तयारीत होते. आमची सभा कितीही भांडणाची असो, सुरुवातीला सगळे उठतात, वर्षभरात गेलेल्यांसाठी एक मिनिट स्तब्ध राहतात. मयताशी हयातीत पार्किंगवरून वैर असलं तरी उठतात. सेक्रेटरी सगळ्यांत आधी. एवढी रीत आपल्याकडे अजून आहे.

२० मार्च २०१४ रोजी जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत काही संस्थांना हीच रीत पाळायची होती. त्साओ शुनली या चिनी बाई तिथे सहा महिने आधीच यायच्या होत्या. देशाच्या मानवी हक्कांचा आढावा संयुक्त राष्ट्रांपुढे होणार, त्यासाठी सरकार अहवाल लिहिणार, तर त्यात आम्हा नागरिकांचंही ऐका, एवढं मागत त्या २०१३ च्या उन्हाळ्यात बीजिंगच्या परराष्ट्र मंत्रालयाबाहेर ठिय्या देऊन बसल्या होत्या. १४ सप्टेंबर २०१३ रोजी जिनिव्हाला निघाल्या आणि बीजिंगच्या विमानतळावरून गायब झाल्या. (१४ सप्टेंबर ही तारीख या धंद्यात लाभते, असं दिसतं.) कित्येक आठवड्यांनी कळलं की त्या कोठडीत आहेत. आरोप ‘भांडण उकरून काढणे आणि गडबड माजवणे’. हा आरोप आमच्या काकूंना अगदी मापात बसेल. बाई आजारी होत्या, उपचार मिळत नाहीत असं त्यांचे वकील सांगत राहिले. मधल्या काळात, नोव्हेंबरात, चीन मानवी हक्क परिषदेवर निवडूनही आला. १४ मार्च २०१४ रोजी बाई बीजिंगच्या रुग्णालयात वारल्या. वय ५२.

सहा दिवसांनी परिषदेत एका संस्थेच्या प्रतिनिधीने आपल्या बोलण्याच्या वेळेत मौनाची विनंती केली. चीनने हरकत घेतली. मुद्दा असा, की बोलायला दिलेली वेळ बोलण्यासाठी असते, गप्प बसण्यासाठी नाही. काही देशांनी री ओढली, काही विरोधात बोलले. गप्प राहावं की राहू नये यावर परिषद तासाभराहून अधिक बोलत होती. शेवटी मागच्या बाजूला काही माणसं त्साओ शुनलींचा फोटो हातात धरून उठून उभी राहिली.

त्यांच्या मृत्यूची स्वतंत्र चौकशी चीनने अजून केलेली नाही.