शेजारच्या बंगल्यातलं प्रकरण

"काकू, कुणाचं गाणं लावलंय एवढं गोड?"

"इव्ह मोंताँ. फ्रान्सचा."

"तो मेरिलिन मन्रोवाला?"

"झालं! माणूस जन्मभर गायला, आणि लोकांच्या लक्षात काय, तर मेरिलिन! अगं, मुळात इटलीचा तो, इव्हो लिव्ही. मुसोलिनीच्या राज्यात राहवेना म्हणून बाप बिऱ्हाड घेऊन मार्सेयला आला, तेव्हा हा जेमतेम दोन वर्षांचा. पुढं पास्त्याच्या कारखान्यात राबला, बहिणीच्या सलूनमध्ये बायकांचे केस केले, गोदीतही खपला. १९४४ साली गायिका एदित पियाफनं हेरला त्याला."

"हेरला म्हणजे?"

"दोन्ही अर्थांनी गं! पण गाणंही घासूनपुसून घेतलं हो तिनं. १९४६ मध्ये एका सिनेमात काम मिळालं, तर तो सिनेमाच दणकून आपटला. त्यातलं 'ले फय मोर्त' हे गाणं मात्र जगानं उचललं. नट म्हणून नाव झालं ते १९५३ च्या 'वेजेस ऑफ फिअर'नं. ट्रकमध्ये नायट्रोग्लिसरीन, रस्ता खड्ड्यांचा. जीव मुठीत धरून बघावा लागतो."

"ते राहू दे, मेरिलिनचं सांगा ना."

"सांगते, बाई. १९६०, 'लेट्स मेक लव्ह'चं शूटिंग. हॉटेलात मोंताँ नि त्याची बायको सिमोन आणि मेरिलिन नि तिचा नवरा आर्थर मिलर यांचे बंगले शेजारीशेजारी. दोघी बायका शनिवारी एकाच बाईकडून केस रंगवून घ्यायच्या! त्याच वर्षी सिमोन सिन्योरेला ऑस्कर मिळालं. मग ती गेली युरोपात शूटिंगला, मिलरही बाहेरगावी."

"अगंबाई! आणि सिमोननं सोडलं नाही त्याला?"

"नाही. आत्मचरित्रात मेरिलिनबद्दल कडवट शब्दही नाही. मी असते तर पुस्तकभर उद्धार केला असता! १९८५ साली सिमोन गेली, तेव्हा हा 'जाँ द फ्लोरेत' करत होता. त्यात बेरकी म्हातारा शेतकरी झालाय. माझ्या मते त्याचं सगळ्यात भारी काम तेच, पण ऐकतंय कोण?"

"मी ऐकतेय की."

"मग हेही ऐक. १९९१ मध्ये वारला. एका मुलीचा दावा होता, हाच माझा बाप. कोर्टाच्या हुकुमानं १९९८ मध्ये थडगं उघडून डीएनए तपासला."

"मेल्यावरही सुटका नाही! मग, होता का बाप?"

"नव्हताच!"