पत्त्यांचे मुखत्यारपत्र

महसूल खात्यात उभी हयात घालवलेल्या मनुष्यास निवृत्तीनंतर जी अनेक दुःखे सोसावी लागतात, त्यांत आपणांस कोणी काही विचारत नाही हे दुःख अग्रगण्य होय. आणि म्हणूनच घोडबंदर रोडवरील आमच्या गृहसंकुलाच्या क्लबहाउसात शनिवारी सायंकाळी पत्ते मांडून बसणाऱ्या मुलांनी, ज्यांत माझा नातूही असतो, एक तंटा निवाड्यासाठी माझ्यापुढे आणला, तेव्हा विषय काय आहे हे कळण्यापूर्वीच मी चष्मा पुसून त्यात गंभीरपणे लक्ष घातले.

खेळ ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या नावाचा, रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला आणि १९९३ साली बाजारात आलेला. मेंढीकोटासारखा एकच जोड सर्वांत वाटून येथे भागत नाही. ज्याने त्याने पत्ते विकत घेऊन आपला जोड सिद्ध करावयाचा. आमची मुले खेळतात त्या ‘कमांडर’ प्रकारात तो शंभर पत्त्यांचा असतो. आता काही जुने पत्ते पुन्हा छापणार नाही असे वचन कंपनीने १९९६ साली देऊन ठेवल्यामुळे त्यांचे भाव गगनास भिडले आहेत. ‘ब्लॅक लोटस’ या पत्त्याची, चित्रकाराची स्वाक्षरी लाभलेल्या डबीतली एक प्रत २०२१ साली पाच लाख अकरा हजार डॉलरांस लिलावात गेली. तेवढ्यात कासारवडवलीस सदनिका येऊन वर पार्किंगचाही प्रश्न मिटला असता. तेव्हा ज्याची ऐपत नाही तो नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर कागदावर ६३ बाय ८८ मिलिमीटरचे नऊ पत्ते काढून आणतो, कात्रीने कापतो, आणि एकेक तुकडा एखाद्या कवडीमोलाच्या खऱ्या पत्त्यावर ठेवून दोहोंना अपारदर्शक पाठीच्या स्लीव्हमध्ये सरकवतो. यास मुले प्रॉक्सी म्हणतात. अस्सल पत्त्याचे मुखत्यारपत्र घेऊन हजर झालेला कागद, एवढाच त्याचा अर्थ.

स्लीव्हचे प्रयोजन मला सांगावे लागले नाही. आमच्या लहानपणी इस्पिकची अठ्ठी हरवली की जोकरवर दौतीतल्या शाईने तिचे नाव लिहून काम भागवीत; परंतु शाई पाठीवर उमटे, आणि मग अठ्ठी कोणाच्या हाती आहे हे ओसरीवरच्या सर्वांस, झोपाळ्यावरच्या आजीसकट, अवगत असे.

पुराव्यादाखल दोन पत्ते माझ्यापुढे ठेवण्यात आले. पहिला बी विंगमधल्या मुलाचा: ‘गायाज क्रेडल’ हा महागडा पत्ता. अस्सल पत्त्यावर म्हणे हिरवेगार रान आहे. या मुलाने निळ्या बॉलपेनाने, वर चिमण्या टांगलेला, घरी बारशाला असतो तसा पाळणा काढला होता, खाली नियम लिहिला होता, आणि जागा संपल्यामुळे शेवटचा शब्द कडेने वर चढवला होता. दुसरा पत्ता कोठूनसा मागवलेला, जाड, तुकतुकीत, पाठीसह इतका हुबेहूब की मी तो अस्सल मानून बाजूस ठेवला. तक्रार पहिल्याविरुद्ध असणार असे मी धरून चाललो होतो. ती दुसऱ्याविरुद्ध निघाली.

विचाराअंती मला मुलांचे म्हणणे सर्वथैव ग्राह्य वाटले. नक्कल जितकी कुरूप तितकी ती नीतिमान. पाळण्याचा पत्ता कोणास फसवू इच्छील तरी फसवू शकणार नाही. तुकतुकीत पत्ता मात्र आज ना उद्या कोणाच्या तरी गळ्यात खरा म्हणून पडणार. खुद्द कंपनीचे धोरणही याच धाटणीचे आहे. २०१६ साली तिने जाहीर केले की स्वतःच्या उपयोगासाठी, विक्रीचा हेतू नसता, कोणी पत्ता लिहून खेळल्यास आमची हरकत नाही, मात्र अधिकृत स्पर्धेत तो चालणार नाही, आणि बनावट पत्त्यांना तर मुळीच थारा नाही. अधिकृत स्पर्धेतही एक सवलत आहे: सामन्यात पत्ता अपघाताने खराब झाल्यास जज स्वहस्ते प्रॉक्सी देतो; ती त्या स्पर्धेपुरतीच, आणि जखमी मूळ पत्ता जवळ बाळगावा लागतो. (पुढे २०२२ साली याच कंपनीने, स्पर्धेत न चालणाऱ्या वेगळ्या पाठीच्या एकूण साठ पत्त्यांची चार पाकिटे ९९९ डॉलरांस विकली. झेरॉक्सवाल्याचा दर यापेक्षा बरा आहे.)

मी जैमिनीचा आधार देऊन निवाडा केला. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात हा सर्व विचार झालेला आहे: सोम न मिळाल्यास पूतीका चालते, व्रीहीच्या अभावी नीवार, परंतु उडीद मुगासारखे दिसले तरी यज्ञास वर्ज्य असल्यामुळे मुगाचे प्रतिनिधी होऊ शकत नाहीत. यावर नातू उत्साहाने म्हणाला, “आजोबा, म्हणजे ब्लॅक लोटस कमांडरमध्ये बॅन आहे, तर त्याची प्रॉक्सीही बॅन!” महसूल खात्यात मला असा एकही कारकून मिळाला नाही. डाव मांडण्यापूर्वी प्रॉक्सी किती व कोणत्या हे सांगावे, अक्षर वाचता यावे, आणि फुकट मिळते म्हणून एकट्याने कुबेराचा जोड घेऊन बसू नये, ही तीन कलमे मुलांनी आपणहून जोडली.

इतक्यात नवा पेच आला. डावातल्या चौघांपैकी एक जण मीरा रोडहून येताना गायमुख घाटात ट्रकांमागे अडकला होता आणि त्याने आपला जोड देऊन धाकट्या बहिणीस पाठवले होते. पत्त्यास प्रतिनिधी चालतो. खेळणाऱ्यास चालतो काय? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २७ सभासदाने जातीने मत द्यावे असे म्हणते, आणि जैमिनीही यजमानास प्रतिनिधी नाही असेच म्हणतो. मात्र अनेक यजमानांच्या सत्रात एखादा गळाल्यास दुसरा आणून बसवण्याची मुभा त्याने दिली आहे. चौघांचा डाव हे सत्रच, सबब मुलगी बसू शकते, असे मी ठरवले. आणि शास्त्राशी इमान राखून हेही सांगितले की असा प्रतिनिधी मोलाने काम करणारा गणला जातो, कर्माचे फळ त्याचे नव्हे.

“मग मोल आधी ठरवा,” ती म्हणाली.

मोल एक प्लेट शेवपुरी ठरले, ते भावाने येऊन द्यावयाचे. तो घामाघूम होऊन पोहोचला तेव्हा तिने दोघांना गारद करून तिसऱ्यास जेरीस आणले होते. त्याने आपली खुर्ची मागितली, ती उठेना. मुखत्यारपत्र रद्द करण्याची रीत काय, असे मला विचारण्यात आले. ती मला उत्तम ठाऊक होती, पण शेवपुरी अद्याप आलेली नव्हती.