एवढी ओळ होऊ दे!

ऐकलंत का? पेणमध्ये लोकरीचा गणपती निघाला!

कुठे, तर पेणमध्ये. ज्या तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत बारा महिने मूर्ती घडतात, जिथल्या गणपतींची परदेशवारी भाद्रपदाच्या कितीतरी आधी बोटीने सुरू होते, तिथे एका चांगल्या घरच्या सुनेने क्रोशाच्या सुईवर मुक्या खांबांच्या टाक्यांचा गणपती विणला. आत कापूस ठासला. सोंड डावी, पितांबर पिवळा, मोदक वेगळा. शाडू की पीओपी हे भांडण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं, आता त्यात अ‍ॅक्रिलिकची भर! विसर्जन कसं करणार गं, असं सासूबाईंनी विचारलं. सून म्हणाली, धुऊन तारेवर वाळत घालायचा. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत, असं शेजारीण शपथेवर सांगत होती. मी काही बोलत नाही. मी एवढंच पाहिलं, की दुसऱ्या दिवशी त्याच सासूबाई माझ्या दुकानात आल्या आणि उंदरासाठी करड्या लोकरीचा गुंडा घेऊन गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई तक्रार करते आहे की जाहिरात? दोन्ही. लोकर विकणं हा माझा धंदा आणि विणणं हा नाद. नादातून धंदा काढला की हिशेब असाच लागतो. नवी छटा आली की पहिला गुंडा मालकिणीच्या घरी जातो आणि उरलेला माल गिऱ्हाइकाला. तेव्हा या व्यसनाचा गुत्ता मीच चालवते, हे आधीच सांगून टाकते. पण गुत्तेवालीलाच गावातल्या खऱ्या बातम्या कळतात ना!

बरं, मुलूख कोणता? सिमला नव्हे, मनाली नव्हे. भोगावतीच्या काठचं पेण आणि कुंडलिकेच्या काठचं रोहा. थंडी म्हणजे पौषातल्या चार पहाटा, त्याही शालीवर भागतात. पलीकडच्या भिऱ्याचं नाव मार्च २०१७ मध्ये देशभर गाजलं ते ४६.५ अंशांच्या नोंदीमुळे. इथे दुकान काढायचं तर पोह्या-पापडांचं काढ, असं मला घरच्यांनी बजावलं होतं. लोकर? कोकणात? कुणासाठी, गाईगुरांसाठी?

आणि तरी बघा. दिवा-रोहा गाडीत सकाळी बसा. पूर्वी बायका त्या गाडीत मेथी निवडायच्या, शेंगा सोलायच्या, गेला बाजार झोपायच्या. आता पिशवीतून सुया निघतात. पेणला टाके घातले, कासूपर्यंत पट्टी झाली, नागोठण्याला कानाची घट, निडीला दुसरा कान, रोह्याला उतरताना टोपरं तयार. फक्त बंद नाही. परवा रोहा-अष्टमीच्या एका वहिनींचा गुंडा सीटखालून घरंगळत थेट दरवाज्यापाशी गेला. डब्यातले चार पुरुष, एक तिकीट तपासनीस आणि एक भेळवाला असे सगळे मिळून तो गुंडाळत होते. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. का, तर हातातली ओळ अर्धी होती!

रस्त्याची कथा तर सांगूच नका. पळस्पे ते इंदापूर ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी ज्या बाळांसाठी मोजे विणले, ती बाळं आता दहावीच्या क्लासला जातात, आणि महामार्गाच्या कोंडीत त्यांच्या आया अजून विणत बसल्या आहेत. महामार्ग पुरा झाला तर माझा धंदा बसेल अशी मला खरंच भीती होती. ती मी आता सोडली आहे.

पण या सगळ्यातलं खरं प्रकरण वेगळंच आहे. पेण-रोह्याच्या घराघरांतून सध्या एक वाक्य ऐकू येतं, आणि त्या वाक्यानेच सगळा घात केला आहे: ‘एवढी ओळ होऊ दे!’ चहा हवा? एवढी ओळ होऊ दे. कुकरची चौथी शिट्टी झाली? होऊ दे, ओळ होऊ दे. दारात पाहुणे? बसायला सांगा, दोनच टाके राहिलेत. (दोनच टाके राहिलेत, हे धादांत खोटं असतं. निम्मी सुई बाकी असते.) कासार आळीच्या एका काकांनी माझ्या दुकानात येऊन रीतसर तक्रार नोंदवली. म्हणाले, ‘चाळीस वर्षं हाक मारली की ओ मिळायची. आता ओळ मिळते.’

काकांना मी शास्त्र समजावून सांगितलं. सुयांवरच्या विणकामात सगळे टाके एकाच वेळी जिवंत असतात. ओळीच्या मध्येच खाली ठेवलं तर टाके सैल पडतात, सुईवरून गळतात, आणि परत हातात घेताना आपण जात होतो की येत होतो तेच कळत नाही. गळलेला एक टाका थेट पट्टीपर्यंत शिडी करत उतरतो. तेव्हा ओळ पुरी करणं ही चैन नाही, गरज आहे. काकांना हे पटलं. मग त्यांनी वकिली प्रश्न टाकला, ‘आणि क्रोशाचं काय?’ आता क्रोशाला सुईवर जिवंत टाका एकच असतो. तो जरा मोठा ओढून ठेवला की बाई खुशाल उठू शकते. म्हणजे क्रोशावाल्यांना कसलीही सबब नाही. पण ही गोष्ट मी काकांना सांगितली नाही. त्यांच्या सौभाग्यवती क्रोशाच करतात आणि माझ्याकडची वही भरून उधारी त्यांची आहे.

गंमत पुढेच आहे. खरी लोकर, म्हणजे मेंढीची, आमच्या दारावरून दरवर्षी चालत जाते. दिवाळी झाली की फलटण-बारामतीकडचे धनगर घाट उतरून रायगडात येतात. भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी त्यांना बोलावतात. कळपच्या कळप लोकर रस्त्याने चाललेली असते आणि माझी गिऱ्हाइकं स्कूटर थांबवून त्यांना वाट देत दुकानात येतात, लुधियानाचं अ‍ॅक्रिलिक घ्यायला! दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिची घोंगडी उत्तम होते, जन्मभर टिकते, पावसातही ऊब देते. पण ती बाळाच्या कानाला लावली तर बाळ आणि आजी दोघंही रडतील. अ‍ॅक्रिलिक मऊ असतं, मशीनमध्ये धुता येतं, त्याला कसर लागत नाही आणि आमच्या जुलैच्या दमट हवेतही ते टिकून राहतं. सुती दोऱ्याला मात्र जपावं लागतं, नाहीतर बुरशीचे ठिपके. तरीही सगळ्या बायका दुकानात येऊन लोकरच मागतात आणि मीही लोकरच देते. मेंढीचा एक केस त्यात नसतो. सोनारासारखी खात्री कुणी मागत नाही हे माझं नशीब.

पूर्वी या उद्योगाला एक मानाची सबब होती: बाळंतविडा. सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं की माहेरच्या बायका विणायला बसत. टोपरं, झबलं, मोजे, कुंची, दुपटं, आणि उरलेल्या लोकरीतून एखादा चेंडू. त्यावर कुणी ब्र काढत नसे. आता? आता बाळाचा पत्ता नसताना विणतात हो! फुलं विणतात, जी कधी सुकत नाहीत. मोबाइलला झबलं विणतात. पाण्याच्या बाटलीला स्वेटर, तोही आमच्या मे महिन्यात! रोह्यातल्या दमखाडीच्या एका मुलीने तर बोंबील विणला. सुका बोंबील, मूठभर, काळ्या मण्याच्या डोळ्यांचा. कशासाठी, विचारलं तर म्हणे किल्ल्यांच्या जुडग्याला. आजवर कुंडलिकेच्या काठी बोंबलाचे इतके हाल कुणी केले नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस शस्त्रांनिशी सलामी देतात, सगळं गाव जागं असतं, दारोदारी रांगोळ्या. पालखी आपल्या आळीत येईपर्यंत ओट्यावर बसून वाट पाहायची असते. तिथेही म्हणे पिशव्या निघाल्या. एका मावशींनी पालखी आली तेव्हा डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, आणि जोडलेल्या हातांत सुया होत्या. मी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्या स्वतः मफलर विणत होत्या.

जुन्या लोकांना हे बघून फेफरं येतं, पण जुन्या लोकांनीच तर हे बी पेरलं! १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा निघाली तेव्हा मुलींना इंग्रजी शिकवण्यावरून केवढं वादंग माजलं होतं. मुलींना शिवण-टिपण आणि घरकाम शिकवा, त्यातच त्यांचं भलं, असं म्हणणारे थोडे नव्हते. म्हणजे ज्या सुईदोऱ्याने बायका घरात राहतील अशी खात्री होती, तोच सुईदोरा घेऊन त्या आता सकाळच्या गाडीने दौऱ्यावर निघाल्या आहेत. आणि १९६२? चीनशी युद्ध झालं, हिमालयात जवानांकडे गरम कपडे पुरेसे नव्हते, तेव्हा देशभरच्या बायका स्वेटर, मोजे, मफलर विणायला बसल्या. महाराष्ट्रातल्या ज्या आज्या तेव्हा शाळकरी मुली होत्या, त्या अजून खाकी आणि हिरव्या गुंड्यांची आठवण काढतात. तेव्हा ‘एवढी ओळ होऊ दे’ म्हटलं की घरातले पुरुष मुकाट्याने स्वतः पाणी घेत. देशासाठी विणलं तर त्याग, पोरासाठी विणलं तर माया, आणि स्वतःला बरं वाटतं म्हणून विणलं तर नाद! मला तरी यात लोकरीचा काही दोष दिसत नाही.

पुरुषांनी फार मिशा पिळू नयेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, टॉम डेली नावाचा ब्रिटनचा सूर मारणारा पठ्ठ्या सुवर्णपदक जिंकून झाल्यावर प्रेक्षकांत बसून विणत होता. पदकाला चरे पडू नयेत म्हणून त्याने पिशवी विणली होती! हा फोटो मी दुकानात लावला आहे. तो लावल्यापासून चिठ्ठी घेऊन येणारे नवरे जरा जास्त वेळ रेंगाळतात. चिठ्ठीवर ‘१० नंबर सुया’ लिहिलेलं असतं आणि त्यांना वाटतं, दहा म्हणजे आठापेक्षा जाड. उलट आहे. १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर चार. हे ऐकून एक गृहस्थ इतके चकित झाले की त्यांनी सगळ्या नंबरांच्या सुया काढायला लावल्या, बोटांत धरून पाहिल्या. आता ते पेणच्या रामवाडीला एसटीची वाट पाहताना पिशवीत हात घालून काहीतरी करत असतात. विचारलं तर म्हणतात, किल्ली शोधतोय.

ज्यांना हे सगळं रिकामटेकड्यांचं वाटतं, त्यांना मी चेन्नईचा हिशेब सांगते. ३१ जानेवारी २०१६ रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या बायकांच्या गटाने क्रोशाच्या चौकोनांची गोधडी जोडून गिनेस विक्रम केला. ११,१४८.५ चौरस मीटर. पेणमध्ये चौरस मीटर कुणाला कळत नाहीत, म्हणून मी गुंठ्यांत सांगते: एकशे दहा गुंठे. नवी मुंबईच्या विमानतळाच्या वाऱ्याने इथे जो तो जमिनीचे भाव बोलतो. कासार आळीचे ते काका एकशे दहा गुंठे ऐकून उभे राहिले. ‘कुठे? रस्त्याला लागून?’

एक मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगते. क्रोशाचा रुमाल हातात घेऊन, ‘मॉलमध्ये दोनशेला मिळतो’, असं म्हणणाऱ्या बाईंशी मी वाद घालते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. सुयांच्या विणीची यंत्रं इंग्लंडात १५८९ पासून आहेत, पण क्रोशाची हुबेहूब वीण काढणारी यंत्रं अजून बाजारात आलेली नाहीत. म्हणजे तो दोनशेचा रुमालही कुणा बाईने हातानेच विणला आहे. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायकांचं काम जगभर विकलं जात होतं, आणि त्यांना मिळणारी मजुरी अगदी किरकोळ होती. त्या गृहिणी आहेत, फावल्या वेळात करतात, असं म्हणून तो भाव ठरत होता. फावला वेळ! आमच्याकडेही बाळंतविडा विणून घेणारी माणसं लोकरीचे पैसे देतात आणि मजुरीच्या वेळी म्हणतात, तुम्हाला तर आवडच आहे. आवड आहे म्हणून फुकट, हा न्याय डॉक्टरला लावून बघा.

तर असा सगळा अनाचार माजला आहे. तुम्ही सामील होणार असाल तर मी तुम्हाला थांबवत नाही, दुकान सात वाजेपर्यंत उघडं असतं. बाळंतविडा सांगायचा तर सातव्या महिन्यात सांगा, नवव्यात येऊ नका, आणि मजुरी आधी ठरवा. स्वेटर मोठ्या माणसाचा असेल तर अर्धा किलो लोकर धरा आणि सगळे गुंडे एकदम, एकाच लॉट नंबरचे घ्या. तोच रंग, तीच कंपनी असली तरी लॉट बदलला की छटा बदलते आणि पाठीवर मधोमध पट्टा दिसतो. ‘आत्ता चार न्या, बाकीचे नंतर मिळतील’, असं सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा.