ओलं सरपण

सुख-समाधान, कष्ट-यश, हक्क-कर्तव्य. आपल्याकडे अमूर्त गोष्टी सहसा जोडीनंच फिरतात. जोडीनं फिरणाऱ्यांचं लग्न ठरलेलंच असणार, असं आपण परस्पर गृहीत धरतो. कोण कोणावाचून राहू शकतं, ही चौकशी मात्र राहून जाते.

ती नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, मन लावून केली. अन्नंभट्टांचा सतराव्या शतकातला ‘तर्कसंग्रह’ अंगानं किरकोळ, पण भलता चौकस. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिलेले असतात, म्हणून डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं ठरवायचं. या भरवशाच्या नात्याला म्हणतात व्याप्ती. शिवाय उलटतपासणी: तळ्यात अग्नी नाही, तिथं धूरही नाही. पत्रिका जुळली!

आता जोडी फिरवून पाहा. जिथं अग्नी, तिथं धूर? नैयायिक शांतपणे लोखंडाचा लालबुंद तापलेला गोळा पुढं करतो. अग्नी पुरेपूर, धुराचा पत्ता नाही. मग स्वयंपाकघरात धूर का झाला? सरपण ओलं होतं. या आडून काम करणाऱ्या अटीचं नाव उपाधी. थोडक्यात, धुराला अग्नीवाचून गत्यंतर नाही. अग्नीला धुराची काही पडलेली नाही.

आपले निम्मे उपदेश हे सरपण विसरूनच केलेले असतात. यशस्वी माणसानं कष्ट उपसलेले असतात, हे घटकाभर मान्य करू. पण दहावीच्या निरोप समारंभात पाहुणे ‘कष्ट करा, यश मिळेलच’ असं ठणकावतात, तेव्हा पहाटेपासून खुर्च्या मांडून दमलेला शाळेचा शिपाई दाराशी भिंतीला टेकून ते ऐकत असतो. लोखंडाचा गोळा म्हणतात तो हाच. पाहुण्यांच्या यशात वडिलांचं चालतं दुकान आणि मामांची ओळख किती होती, हे सूत्रसंचालक सांगत नाहीत.

हक्क-कर्तव्याची तऱ्हा आणखी न्यारी. आपल्या राज्यघटनेत मूलभूत हक्क १९५० पासून आहेत. मूलभूत कर्तव्यं आली १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं. सव्वीस वर्षं हक्क सडेफटिंग! त्याही आधी, १९१३ मध्ये, वेस्ली होफेल्ड या अमेरिकी कायदेपंडितानं दाखवलं होतं की काटेकोर अर्थानं माझ्या हक्काची जोडी जमते ती समोरच्याच्या कर्तव्याशी. ही जोडी पक्की, दोन्ही बाजूंनी बांधलेली. फक्त बिऱ्हाडं वेगळी.

आमच्या सोसायटीच्या सभेत हा सिद्धांत होफेल्ड न वाचताच मांडला जातो. पाणी हा आमचा हक्क, टाकी धुऊन घेणं हे सेक्रेटरींचं कर्तव्य. तर्क बिनचूक. मग सेक्रेटरी थकलेल्या मेंटेनन्सची यादी काढतात आणि सोसायटीच्या हक्काची जोडी कुणाकुणाच्या घरी राहते, ते मोठ्यानं वाचू लागतात. त्याबरोबर सभा चहापानासाठी तहकूब होते.